नव्या जन्माची वाट : संत जॉन हेन्री कार्डिनल न्यूमन यांचें अल्पचरित्र

धर्मग्रामाच्या महोत्सवप्रसंगीं देवळाच्या भिंती किती जुन्या, घंटा कोणीं दिली, वेदी केव्हां उभारली, या कथा आपण आवडीनें वाचतों. परंतु धर्मग्रामाचा खरा इतिहास दगडविटांत नसून बाप्तिस्म्याच्या नोंदवहींत असतो. त्या वहींतील प्रत्येक नांव एकच मोठी गोष्ट सांगत असतें : अमुक दिवशीं, ह्या कुंडाशीं, एक जीव नव्यानें जन्मास आला. आज मात्र आपल्यांतील पुष्कळांना कचेरींत, आगगाडींत किंवा शेजारच्या घरीं निराळाच प्रश्न ऐकावा लागतो : तुमचा नवा जन्म झाला आहे काय? झाला असल्यास कोणत्या दिवशीं? विचारणारा बहुधा सद्भावनेनेंच विचारतो, आणि प्रभूवरील त्याचें प्रेमहि खरें असतें. तरी आपला साधाभोळा कॅथलिक बंधु गोंधळून जातो. त्याच्यापाशीं सांगण्याजोगी तारीख नसते, अश्रू ढाळल्याची आठवण नसते. मग आपण तारणाबाहेर तर नाहीं ना, अशी शंका त्याच्या मनाला चाटून जाते.

हाच प्रश्न एका थोर पुरुषानें जन्मभर उराशीं बाळगला. त्यांच्यापाशीं सांगण्याजोगी तारीखहि होती आणि नोंदवहींत नांवहि होतें. ह्या दोहोंचा एकमेकांशीं संबंध काय, हें शोधतां शोधतां त्यांना घर, मित्र, मान आणि उपजीविका यांवर पाणी सोडावें लागलें. ते पुरुष म्हणजे संत जॉन हेन्री कार्डिनल न्यूमन. त्यांचें चरित्र वाचकांपुढें थोडक्यांत ठेवण्याचें येथें योजिलें आहे.

मूळ वचन सर्वांच्या परिचयाचें आहे. संत योहानाच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायांत निकदेम नांवाचा परुशी रात्रीच्या वेळीं प्रभूकडे येतो, आणि नव्यानें जन्मल्यावांचून देवाचें राज्य कोणाच्याहि दृष्टीस पडणार नाहीं, असें प्रभु त्याला सांगतो. मूळ ग्रीक शब्दाचे अर्थ दोन होतात : पुन्हां, आणि वरून. हा जन्म पाण्याचा व आत्म्याचा आहे, असा खुलासाहि प्रभूनें लागलाच केला. नव्या जन्मावांचून तारण नाहीं, याविषयीं ख्रिस्ती लोकांत दुमत नाहीं. तो जन्म केव्हां होतो, कशानें होतो, आणि झाला हें कशावरून ओळखावें, येथें मात्र वाटा फुटतात.

न्यूमन यांचा जन्म लंडन शहरांत २१ फेब्रुवारी १८०१ रोजीं झाला. वडील एका पेढीचे भागीदार होते. आई फ्रान्समधून इंग्लंडांत आश्रयास आलेल्या ह्यूगनॉट घराण्यांतली होती. सहा भावंडांत जॉन सर्वांत वडील. त्याच वर्षीं ९ एप्रिल रोजीं, मूल अवघें दीड महिन्याचें असतां, अँग्लिकन सभेच्या देवळांत त्याचा बाप्तिस्मा झाला. घरांत बायबलाचें वाचन असे, आणि मुलगा तें आवडीनें ऐके. परंतु धर्माची खरी आंच त्याच्या मनाला अद्याप लागली नव्हती. चौदाव्या वर्षीं त्यानें धर्माची थट्टा करणारीं पुस्तकें वाचलीं. सदाचारी असावें हें ठीक, पण देवभक्त होण्याची गरज काय, असा विचारहि त्याच्या मनांत घोळूं लागला.

सन १८१६ च्या मार्चमध्यें, नेपोलियनशीं चाललेलें युद्ध संपल्यानंतरच्या मंदींत, वडिलांची पेढी बुडाली. ठेवीदारांचा पैसा त्यांनीं पुरता फेडला, पण घराची घडी विस्कटली. उन्हाळ्याच्या सुटींत इतर मुलें घरोघर गेलीं. आजारी जॉन मात्र ईलिंग येथील शाळेंतच राहिला. तेथें वॉल्टर मेयर्स नांवाचे एक तरुण धर्मोपदेशक शिक्षक होते. ते कॅल्व्हिनच्या मताचे इव्हँजेलिकल. त्यांच्या संभाषणानें व त्यांनीं दिलेल्या पुस्तकांनीं त्या वर्षाच्या ऑगस्ट ते डिसेंबर या महिन्यांत पंधरा वर्षांच्या त्या मुलाच्या अंतःकरणांत मोठा पालट घडला. देव आणि आपला आत्मा ह्या दोहोंपुढें सारें जग त्याला सावलीसारखें भासूं लागलें. आपण अविवाहित राहून देवाची सेवा करावी, ही भावनाहि तेव्हांच रुजली. तो पालट तात्पुरता नव्हता, मरेपर्यंत टिकला.

मेयर्स ज्या पंथाचे होते त्याची शिकवण येथें समजून घेतली पाहिजे. मनुष्य स्वतःच्या कृत्यांनीं तरत नाहीं; ख्रिस्तावर मनापासून विश्वास ठेवतांच तो तरतो; आणि असा विश्वास अंतःकरणांत जागा होण्याची जी घटका, तीच नव्या जन्माची घटका. जॉन वेस्ले यांना लंडनमधील आल्डर्सगेट रस्त्यावरच्या एका सभेंत २४ मे १७३८ रोजीं असा अनुभव आला, आणि त्यांच्या उपदेशानें हजारों लोक जागे झाले. देवानें निवडलेला मनुष्य पुन्हां कधीं ढळत नाहीं, असें कॅल्व्हिनचे अनुयायी मानीत; वेस्ले तें मानीत नसत. ह्या जागृतीनें इंग्लंडांतील थंड पडलेल्या धर्माला ऊब आणली आणि गुलामांचा व्यापार बंद करण्याच्या चळवळीला बळ दिलें. तिची निंदा करणें कोणाहि ख्रिस्ती मनुष्याला शोभणार नाहीं.

परंतु तरुण न्यूमन यांच्यापुढें एक अडचण उभी राहिली. परिवर्तनाच्या ठराविक पायऱ्या त्या पंथाच्या ग्रंथांत सांगितलेल्या असत : प्रथम पापाची भीति, मग निराशा, मग एकाएकी प्रकाश व आनंद. आपला अनुभव त्यांनीं ह्या मापानें मोजून पाहिला, तो जुळेना. त्यांच्या अंतःकरणांत देवानें काम केलें होतें यांत त्यांना तिळमात्र शंका नव्हती. पण तें काम ग्रंथांतल्या रीतीनें झालें नव्हतें. पुढें त्यांनीं हें प्रांजळपणें लिहून ठेविलें. देवाची कृपा एकाच सांच्यानें काम करते काय, हा प्रश्न येथें प्रथम उभा राहिला.

सन १८१७ त न्यूमन ऑक्सफर्ड येथें शिकावयास गेले. अतिश्रमामुळें १८२० च्या शेवटच्या परीक्षेंत त्यांना अपेक्षेप्रमाणें यश आलें नाहीं; तरी १८२२ त ओरिएल कॉलेजाचे फेलो म्हणून त्यांची निवड झाली, आणि त्या काळीं हा फार मोठा मान होता. १३ जून १८२४ रोजीं त्यांना अँग्लिकन सभेची डीकनची दीक्षा मिळाली व ते ऑक्सफर्डमधील सेंट क्लेमंट ह्या धर्मग्रामांत काम पाहूं लागले. ते घरोघर जात, आजाऱ्यांचा समाचार घेत. मंडळींत परिवर्तन पावलेले थोडे आणि न पावलेले पुष्कळ, अशी विभागणी मनांत घेऊन ते गेले होते. परंतु जीं माणसें भेटलीं तीं ह्या दोन खणांत बसेनात. एकाच मनुष्यांत श्रद्धा आणि दुबळेपणा, चांगुलपणा आणि पाप हीं शेजारीं शेजारीं नांदतांना दिसलीं. ओरिएलमधील त्यांचे वडील सहकारी एडवर्ड हॉकिन्स यांनींहि त्यांच्या पहिल्या प्रवचनांतील ह्याच दोषावर बोट ठेविलें, आणि सम्नर नांवाच्या लेखकाचा ग्रंथ वाचावयास दिला. संत पौल आपल्या पत्रांत मंडळीची अशी फाळणी करीत नाहीं. बाप्तिस्मा पावलेल्या सर्वांनाच तो पवित्र जन म्हणतो आणि मग त्यांच्या चुकांबद्दल त्यांना खडसावतो, हें त्या ग्रंथावरून न्यूमन यांच्या ध्यानांत आलें. नवा जन्म बाप्तिस्म्यांतच देवाच्या देणगीनें मिळतो, हें मत १८२५ च्या सुमारास त्यांनीं स्वीकारलें.

अँग्लिकन सभेच्या प्रार्थनाग्रंथांतहि बालकाच्या बाप्तिस्म्यानंतर त्याचा नवा जन्म झाल्याचें धर्मगुरु स्पष्ट जाहीर करतो. पण त्या सभेंतील इव्हँजेलिकल मंडळी ह्या शब्दांचा अर्थ केवळ आशेचे उद्गार असा लावीत. त्यांचा आक्षेप साधा होता, आणि तो आजहि ऐकूं येतो : बाप्तिस्म्यानें नवा जन्म होत असेल, तर बाप्तिस्मा पावलेले इतके लोक देवाला विसरून कसे राहतात? न्यूमन १८२८ त ऑक्सफर्डच्या सेंट मेरी देवळाचे व्हिकर झाले, आणि तेथील प्रवचनांतून ह्या आक्षेपाला त्यांनीं पुन्हां पुन्हां उत्तर दिलें. मिळालेली देणगी आणि तिचा केलेला वापर ह्या दोन गोष्टी आहेत. बीं पेरलें म्हणजे पीक हातीं आलें असें नाहीं. आणि पीक आलें नाहीं म्हणून बीं पेरलेंच नव्हतें असेंहि नाहीं. आपल्या भावना वारंवार तपासीत बसण्यापेक्षां आज जें कर्तव्य समोर आहे तें देवासाठीं करावें, असा त्यांच्या उपदेशाचा सूर असे.

हा वाद त्यांच्या घरांतहि शिरला. धाकटा भाऊ फ्रान्सिस मोठा बुद्धिमान व तितकाच उत्कट. बालकांचा बाप्तिस्मा व्यर्थ आहे, विश्वास कबूल करणाऱ्या प्रौढासच तो द्यावा, असें बॅप्टिस्ट व इतर कांहीं मंडळी मानतात. फ्रान्सिसचें मन त्या बाजूला झुकलें. १८३० त तो एका मिशनबरोबर बगदादला जाण्यास निघाला. परत आल्यावर मात्र एकेक मत सोडीत शेवटीं त्यानें ख्रिस्ताच्या दैवीपणावरचा विश्वासहि सोडला, आणि १८५० त तो सारा प्रवास ग्रंथरूपानें प्रसिद्ध केला. चार्ल्स हा दुसरा भाऊ तर नास्तिकच झाला. एकाच आईच्या मांडीवर वाढलेले तीन मुलगे तीन दिशांना गेले. फ्रान्सिसच्या पहिल्या उत्साहांत खोटें कांहींच नव्हतें. म्हणूनच ही गोष्ट अधिक विचार करावयास लावणारी आहे.

सन १८३३ त सिसिली बेटांत न्यूमन यांना कडक ताप आला व ते मरणाच्या दारांतून परतले. परतीच्या प्रवासांत जहाजावर त्यांनीं प्रेमळ प्रकाशाला वाट दाखविण्याची विनवणी करणारें आपलें सुप्रसिद्ध गीत रचलें. गांधीजींना तें फार प्रिय होतें, आणि नरसिंहराव दिवेटिया यांनीं केलेलें त्याचें गुजराती रूपांतर आश्रमांतील भजनांत रूढ झालें. मायदेशीं पोहोंचल्यावर न्यूमन यांनीं केबल व पुसी या मित्रांसह अँग्लिकन सभेला प्राचीन ख्रिस्तसभेच्या शिकवणीकडे वळविणारी ऑक्सफर्ड चळवळ चालविली.

ह्याच काळांत, १८३८ सालीं, मनुष्य देवापुढें नीतिमान कसा ठरतो ह्या विषयावरील त्यांचीं व्याख्यानें प्रसिद्ध झालीं. लूथरच्या अनुयायांचें म्हणणें असें कीं, देव ख्रिस्ताचें नीतिमत्त्व विश्वासणाऱ्याच्या नांवें मांडतो. मनुष्य पापीच असतो, पण त्यावर ख्रिस्ताचें वस्त्र पांघरलें जातें. येथें हेंहि सांगितलें पाहिजे कीं, लूथर स्वतः बालकांचा बाप्तिस्मा मानीत असे व त्यांतच नवा जन्म मिळतो असें शिकवीत असे. उलट ट्रेंटच्या धर्मपरिषदेनें १३ जानेवारी १५४७ रोजीं ठरविलें कीं, कृपा केवळ बाहेरून पांघरलेली नसते; ती आंत ओतली जाते, पाप खरोखर पुसलें जातें, आणि मनुष्यानें तिच्याशीं सहकार्य करून वाढावयाचें असतें. न्यूमन तेव्हां अँग्लिकन होते आणि ह्या दोहोंमधली वाट शोधीत होते. मनुष्याचा शब्द नुसता बोलतो, देवाचा शब्द जें बोलतो तें घडवितो. प्रकाश व्हावा असें त्यानें म्हणतांच प्रकाश झाला. म्हणून देव ज्याला नीतिमान म्हणतो त्याला तो नीतिमान करतोहि, हें त्यांनीं दाखविलें. आणि ही देणगी म्हणजे कांहीं वस्तु नव्हे. प्रत्यक्ष देवच पवित्र आत्म्याच्या द्वारें आपल्या ठायीं वस्तीस येतो.

हा विचार त्यांना संत अथनासियस आदि पूर्वेकडील धर्मपित्यांच्या अभ्यासांतून लाभला होता. पूर्वेकडील ख्रिस्तसभा तारणाचा विचार करतांना कोर्टकचेरीची भाषा फारशी वापरीत नाहींत. देवाच्या जीवनांत मनुष्यानें सहभागी होणें, म्हणजेच तारण, असें त्या शिकवितात. म्हणून तेथें तान्ह्या बालकालाहि बाप्तिस्मा, पवित्र तेलाचा अभ्यंग आणि ख्रिस्तशरीर हीं तिन्ही एकाच वेळीं दिलीं जातात. बालकाला समजत नाहीं, ही अडचण त्यांना वाटत नाहीं. आईचें दूध पिणाऱ्यालाहि तें समजत नसतेंच.

प्राचीन ख्रिस्तसभेचा शोध करतां करतां न्यूमन कॅथलिक ख्रिस्तसभेच्या दाराशीं येऊन ठेपले. १८४३ च्या सप्टेंबरांत त्यांनीं सेंट मेरीचें पद सोडलें, आणि लिटलमोर ह्या खेड्यांत प्रार्थना व अभ्यास करीत ते राहिले. ८ ऑक्टोबर १८४५ च्या रात्रीं, मुसळधार पावसांत, डॉमिनिक बार्बेरी नांवाचे इटालियन पॅशनिस्ट धर्मगुरु तेथें पोहोंचले. ते शेतकऱ्याच्या घरचे. इंग्लंडांत सेवा करण्याची ओढ त्यांना कित्येक वर्षांपासून लागली होती. ते शेकोटीपाशीं ओले कपडे वाळवीत असतां ऑक्सफर्डचा तो महापंडित त्यांच्या पायांशीं गुडघे टेकून ख्रिस्तसभेंत प्रवेश मागूं लागला. दुसरे दिवशीं न्यूमन यांनीं विश्वास प्रकट केला, आणि त्यांना सशर्त बाप्तिस्मा देण्यांत आला.

सशर्त कां? त्यांचा बाप्तिस्मा तर १८०१ सालींच झालेला होता. बाप्तिस्मा जन्मासारखाच आहे. तो दोनदां होत नाहीं. पहिला विधि यथासांग झाला होता कीं नाहीं ही शंका उरूं नये, म्हणून त्या काळच्या रिवाजाप्रमाणें तसें करण्यांत आलें : पूर्वीं झाला नसल्यास हा व्हावा, झाला असल्यास तोच कायम. आज कॅथलिक ख्रिस्तसभा इतर पंथांत पाण्यानें व पवित्र त्रैक्याच्या नांवानें दिलेला बाप्तिस्मा खरा मानते, आणि शंकेला सबळ कारण असल्यावांचून सशर्त बाप्तिस्मा देत नाहीं.

ह्या पावलाची किंमत मोठी होती. ओरिएलची जागा गेली. बहीण हॅरिएट हिनें त्यांच्याशीं संबंध तोडला, आणि १८५२ त ती वारली तोंवर तो पुन्हां जुळला नाहीं. केबल व पुसी यांच्याबरोबर तिघांनीं एकत्र बसून जेवण्याचा योग १८६५ सालीं, वीस वर्षांनीं आला.

अँग्लिकन सभेंत हा प्रश्न १८५० त पुन्हां पेटला. बाप्तिस्म्यानें नवा जन्म निश्चित मिळतो हें गोरहम नांवाचे धर्मोपदेशक मानीत नसत, म्हणून बिशप फिलपॉट्स यांनीं त्यांना धर्मग्राम देण्याचें नाकारलें. प्रकरण प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायसमितीपुढें गेलें व निकाल गोरहम यांच्या बाजूनें लागला. शास्त्राचा असा मूळ प्रश्न सरकारी न्यायपीठानें सोडवावा, हें पुष्कळांच्या मनाला लागलें; पुढें कार्डिनल झालेले मॅनिंग १८५१ त कॅथलिक झाले, त्यास हेंहि एक कारण होतें.

न्यूमन यांना १८४७ त रोममध्यें धर्मगुरूची दीक्षा मिळाली, आणि १८४८ त त्यांनीं इंग्लंडांत संत फिलिप नेरी यांच्या ओरेटरीची स्थापना केली. बर्मिंगहॅममध्यें दारूच्या एका जुन्या भट्टीचें देऊळ करून ते गरीब मजुरांची सेवा करीत. १८४९ त बिल्स्टन गांवीं पटकीची सांथ आली, तेव्हां ते मदतीला धांवून गेले. पुढें त्यांच्या खरेपणावरच चार्ल्स किंग्स्ली या लेखकानें जाहीर शिंतोडे उडविले; त्यास उत्तर म्हणून १८६४ त त्यांनीं आपलें धार्मिक आत्मचरित्र लिहिलें.

ह्या आत्मचरित्रांत एक गोष्ट फार मोलाची आहे. कॅथलिक झाल्यावर आपला पूर्वीचा सारा अनुभव भ्रम ठरविण्याचा मोह एखाद्याला झाला असता. न्यूमन यांनीं तसें केलें नाहीं. पंधराव्या वर्षीं अंतःकरणांत झालेला तो पालट आपल्याला स्वतःच्या देहापेक्षांहि अधिक निश्चित वाटतो, अशा अर्थाची ग्वाही त्यांनीं दिली. टॉमस स्कॉट ह्या इव्हँजेलिकल लेखकाचे आपल्या आत्म्यावर अपार उपकार आहेत, हेंहि त्यांनीं नमूद केलें. १८८७ त, म्हणजे मृत्यूपूर्वीं तीनच वर्षें, एका इव्हँजेलिकल स्नेह्याला पाठविलेल्या पत्रांत त्यांनीं सांगितलें कीं, लहानपणीं त्या पंथाकडून शिकलेलीं थोर सत्यें कॅथलिक ख्रिस्तसभेनें आपल्या हृदयावर अधिकच खोल ठसविलीं. तान्हेपणीं मिळालेला बाप्तिस्मा आणि पंधराव्या वर्षीं जागें झालेलें अंतःकरण हीं त्यांच्या लेखीं एकाच कृपेचीं कामें होतीं.

पोप तेरावे लिओ यांनीं त्यांना १८७९ त कार्डिनल केलें. ११ ऑगस्ट १८९० रोजीं, वयाच्या नव्वदाव्या वर्षीं, बर्मिंगहॅम येथें त्यांनीं देह ठेविला. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनीं १९ सप्टेंबर २०१० रोजीं त्यांना धन्यवादित घोषित केलें. १३ ऑक्टोबर २०१९ रोजीं पोप फ्रान्सिस यांनीं त्यांना संतपद दिलें. त्याच समारंभांत आपल्या केरळच्या भगिनी मरियम त्रेसिया यांनाहि तो मान मिळाला. १ नोव्हेंबर २०२५ रोजीं पोप चौदावे लिओ यांनीं न्यूमन यांना ख्रिस्तसभेचे आचार्य म्हणून घोषित केलें.

ज्या प्रश्नानें त्यांचें घर फुटलें, त्यावर पुढील काळांत बरीच फुंकर घातली गेली. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजीं जर्मनीतील आउग्सबुर्ग शहरीं कॅथलिक व लूथरन प्रतिनिधींनीं एका संयुक्त घोषणेवर सह्या केल्या : तारण हें आपल्या गुणांचें वेतन नसून ख्रिस्ताच्या कृपेचें दान आहे, आणि ती कृपा मनुष्याला नवें करून सत्कृत्यांकडे नेते, हें दोन्ही पक्षांनीं मिळून कबूल केलें. मेथडिस्ट २००६ त व रिफॉर्म्ड मंडळी २०१७ त तींत सामील झाल्या. सर्व भेद मिटले असें नाहीं; बालकांच्या बाप्तिस्म्याविषयीं बॅप्टिस्ट व पेंटेकॉस्टल बंधूंशीं आपलें मत आजहि जुळत नाहीं. पण एकमेकांना तारणाबाहेर ढकलण्याची घाई करूं नये, इतकें तरी आपण शिकलों आहों.

तेव्हां, प्रिय वाचकहो, नवा जन्म केव्हां झाला असें कोणीं विचारल्यास रागावूं नका, आणि लाजूंहि नका. आपल्या बाप्तिस्म्याची तारीख पाठ करा. नसेल ठाऊक तर धर्मगुरूंकडे जाऊन विचारा. ती तारीख सांगून झाल्यावर मात्र दुसरा प्रश्न आपण स्वतःलाच केला पाहिजे : त्या दिवशीं जें दिलें गेलें त्याचें मी काय केलें? इव्हँजेलिकल बंधूच्या प्रश्नांतला खरा कांटा तो हाच, आणि तो बोंचला पाहिजे. बाप्तिस्मा देऊन मुलाला घरीं नेलें आणि पुढें त्याला प्रार्थना शिकविली नाहीं, पापनिवेदनाला आणलें नाहीं, मिस्साबलिदानाची गोडी लावली नाहीं, तर पेरलेलें बीं आपणच उन्हांत करपूं दिलें असें होईल. आईबाप, धर्ममाता, धर्मपिता आणि सारा धर्मग्राम ह्यास जबाबदार आहे. ज्याचें मन बाप्तिस्म्यानंतर पुष्कळ वर्षांनीं आज प्रथमच प्रभूकडे वळलें असेल, त्यानें आनंद मानावा. त्याच्या ठायीं त्या दिवसापासून झांकून असलेला निखारा आतां फुलला आहे. संत जॉन हेन्री न्यूमन आपल्या धर्मग्रामासाठीं प्रभुचरणीं विनंति करोत.